बाबांचा लीड्सचा जन्मदाखला

आमचे आजोबा डॉक्टर. १९५७ ला लीड्सला नोकरीला गेले आणि १९६७ ला सगळं आवरून कोल्हापूरला परत आले. आत्या १९५९ ची, बाबा १९६३ चे, दोघंही तिकडेच जन्मले. घरात यावर बोलणं निघालं तर थंडीचं आणि कोळशाच्या धुराचं, पासपोर्ट वगैरे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

तेव्हाचा नियम असा होता की ब्रिटनमध्ये जन्मलं की नागरिकत्व मिळायचं, आई-वडील भारतीय असले तरी. हे बंद झालं १ जानेवारी १९८३ ला, नवा कायदा लागू झाल्यावर. आणि नंतर भारतीय पासपोर्ट काढला म्हणून ते ब्रिटिश नागरिकत्व आपोआप जात नाही. म्हणजे बाबा ब्रिटिश, आणि मी १९९२ ची, आईबाबांचं लग्न झालेलं, त्यामुळे मी पण जन्मापासूनच ब्रिटिश! नागरिकत्वासाठी अर्जच नाही, डायरेक्ट पासपोर्टचा अर्ज करायचा. हे कळल्यावर मला रात्रभर झोप लागली नाही.

पण खरा जीव तुटला तो आत्याच्या मुलांसाठी. धाकटा १९८५ चा, त्याला माझ्यासारखंच आपोआप. मोठा दादा १९८१ चा आणि त्याला नाही, कारण १९८३ च्या आधी परदेशात जन्मलेल्या मुलाला फक्त वडिलांकडून मिळायचं, आईकडून नाही. एकाच आईची दोन मुलं, दोघंही एकाच घरात वाढलेली! आत्याला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "म्हणजे मी आई म्हणून मोजलीच नाही का गं?" हा अन्याय दूर करायला २००३ पासून सोय आहे, ब्रिटिश नागरिकत्व कायद्याचं कलम ४सी, त्यासाठी यूकेएम नावाचा फॉर्म भरून रजिस्ट्रेशन करावं लागतं. आईचा हक्क मुलाला मिळायला वेगळा फॉर्म का लागावा, मला अजून पटत नाही, पण निदान रस्ता आहे.

कागदांनी मात्र दमवलं. बाबांचा पूर्ण दाखला तिकडच्या जनरल रजिस्टर ऑफिसकडून ऑनलाइन मागवला, तो सुखरूप आला, पण आईबाबांचं लग्न कधी रजिस्टरच केलेलं नव्हतं आणि माझ्या जन्मदाखल्यावर नावाची जागा कोरी, सगळं नव्याने करून घेतलं.

मी स्वतः अजून थांबलेय. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, तो पासपोर्ट घेतला की हा सोडायचा, मग ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते, मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. शिवाय माझी मुलगी पुण्यात जन्मली, तिला माझ्याकडून आपोआप मिळत नाही, वंशाने आलेलं एका पिढीवर थांबतं. तिच्याशिवाय मी एकटीच वेगळ्या रांगेत उभी राहू का, हे मला ठरवता येत नाहीये.

दादाचा फॉर्म मात्र रविवारी भरतोय. आत्याने तिचा दाखला कपाटातून काढून ठेवलाय, लॅमिनेट करू नकोस असं तिला दोनदा फोन करून सांगितलंय.