कासव का आणत नाही?

"मुलांना कासवाबद्दल सांगायला येता, तर एखादं जिवंत कासव का आणत नाही?" शाळेत कार्यक्रम ठरला की कुणीतरी हे विचारतंच. आता तुम्हीही विचारलंत म्हणून लिहिते.

एक तर कायदा आड येतो. वास्तूसाठी म्हणून घरात पाळलेलं चांदणी कासवसुद्धा बेकायदेशीर आहे. हे मी पालकांसमोर मुद्दाम जरा मोठ्यानं सांगते.

आणि माझ्या गोष्टीतलं कासव आणायचं म्हटलं तरी सापडायला हवं ना! ते केरळ-कर्नाटकातल्या सदाहरित रानातलं. मल्याळममध्ये 'चूरल आमा', म्हणजे वेताचं कासव. वेत म्हटल्यावर पूर्वीच्या मुलांना छडी आठवली असती; आताच्यांना वेताची खुर्चीही दाखवावी लागते. घराणं गोड्या पाण्यातल्या कासवांचं, पण हे राहतं जमिनीवर, पाचोळ्यात. "मग ते पाण्याचं कसं?" हा प्रश्न दर वेळी येतो. मी म्हणते, तुमचे आजोबा कोकणातले आणि तुम्ही पुण्यात, तसंच.

लांबी जेमतेम १३ सेंटीमीटर, कंपासपेटीहून कमी. पाठीवर तीन उंचवटे, तोंड पिवळं आणि नाकाच्या शेंड्यावर लाल ठिपका. १९१२ साली प्राणिशास्त्रज्ञ हेंडरसन यांनी केरळातल्या चालकुडीजवळच्या कवलईच्या रानातल्या कासवांवरून त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. त्यानंतर सत्तर वर्षं अभ्यासकांना ते दिसलंच नाही. १९८२ साली कासवांचा अभ्यास करणारी विशीतली एक मुलगी, जे. विजया, त्याला शोधायला त्या रानात गेली. कादर आदिवासींच्या मदतीनं शोध घेत होती आणि राहत होती चक्क एका गुहेत. मुलं इथे एकदम गप्प होतात. 'गुहेत जेवायची काय?' हे मात्र लगेच विचारतात.

विजया १९८७ साली गेली, तिशीही गाठली नव्हती. २००६ साली या कासवाच्या शास्त्रीय नावात तिचं नाव आलं: विजयाकेलिस. "म्हणजे तिला कळलंच नाही?" चौथीतल्या एकीनं विचारलं. नाही कळलं, म्हटलं. मला त्यापुढे काही सुचलं नाही आणि मी पुठ्ठे वाटायला घेतले.

पुठ्ठ्याची कासवं मुलंच करतात: तपकिरी रंग, तीन घड्या, लाल ठिपका. मग मी ती मैदानाच्या कडेला, आंब्याखालच्या पाचोळ्यात लपवते आणि शोधायला सांगते. पायाखाली चिरडायचं नाही, एवढी एकच अट. धावणाऱ्यांना काही मिळत नाही. उकिडवं बसून एकेक पान उचलणाऱ्यांना मिळतं. जिवंत कासव टेबलावर ठेवलं असतं, तर दोन मिनिटं बघून, पाठीवर टिचकी मारून सगळे डब्याकडे पळाले असते.

परवा सात लपवली होती. अर्ध्या तासात सहा सापडली. सातवं मी कुठे ठेवलं होतं, ते मलाही आठवेना. पुढच्या आठवड्यात झाडणाऱ्या मावशींनी फोन करून सांगितलं, "बाई, तुमचं एक राहिलं होतं."