उत्तर यायला चाळीस मिनिटं

रात्री साडेअकरा

आज कथेतला मंगळ बराच छाटला. तांबडी धूळ, निळसर सूर्यास्त, पृथ्वीच्या 38 टक्के गुरुत्वाकर्षणात पडणारी लांब ढांग, सगळं खरं आणि मला मनापासून आवडणारं. पण त्यामुळे मीराच्या वागण्यात काडीचाही फरक पडत नव्हता. सूर्यास्ताचं एक वाक्य तेवढं ठेवलं.

ठेवला तो उशीर. मंगळ फार लांब असतो तेव्हा संदेश नुसता पोचायला 20 मिनिटांहून जास्त लागतात. म्हणजे प्रश्नाचं उत्तर हाती यायला 40च्या वर. इतक्या अंतरावरून धड भांडताही येत नाही. पृथ्वीवर बाबा आजारी आहेत. ते काय विचारणार हे मीरानं गृहीतच धरलंय, म्हणून प्रश्न यायच्या आत ती उत्तर पाठवून मोकळी होते : "बाबा, पुढच्या यानानं नाही जमणार मला." त्याच वेळी तिकडून निघालेल्या संदेशात बाबांनी विचारलेलं असतं, "तुझा खोकला थांबला का गं?" दोन्ही संदेश वाटेत एकमेकांना ओलांडून जातात. मीरा उतावळी आहे, हे मग वेगळं सांगायची गरजच उरली नाही.

स्थळ, कथानक, पात्रं यांना सारखा वाटा देत बसण्यावर माझा विश्वास नाही. जागेचं एकच वास्तव असं निवडावं, की माणसाला त्याच्यापासून पळताच येऊ नये.

प्राणवायूच्या गळतीचा प्रसंगही काढला. गळती झाली की कुणीही धावेल. त्यात मीरा कुठे दिसते? त्याऐवजी खगोलाचाच आधार घेतला. मंगळ सूर्यापलीकडे गेला की सुमारे दोन आठवडे संपर्काचा भरवसा नसतो. तिचा नकार त्याच्या आदल्या दिवशी पोचतो आणि खुलाशाचा संदेश अडकतो. शिवाय परतीची सोयीची वेळ साधारण 26 महिन्यांनी एकदाच येते, त्यामुळे 'पुढच्या यानानं नाही' याचा अर्थ बाबांना नीट कळतो. खलनायक लागलाच नाही, याचा आज फार आनंद झाला.

बाबा मात्र अजून नुसतेच आजारी आहेत. त्या दोन आठवड्यांत ते काय करतात? मंगळ सूर्यालगत असल्यानं आकाशात दिसणारही नाही, तेव्हा गच्चीवर जाऊन लेकीची आठवण काढणं बाद. दुसरं काहीतरी शोधायला हवं. उद्या सकाळी आधी त्यांचंच पान लिहायला घेते.