रश्शाला महागाचं बीफ कशाला?

इकडे अमेरिकेत नवीन आलेली मराठी पोरं मला हमखास विचारतात, बीफचा रस्सा करायचाय, कुठला कट घेऊ? आणि बऱ्याच जणांनी महाग म्हणजे चांगलं असं धरून आधीच टेंडरलॉइन उचललेलं असतं. नका रे घेऊ.

टेंडरलॉइन कण्याच्या आतल्या बाजूला असतं, जनावर चालताना त्या स्नायूला फारसं काम पडत नाही म्हणून ते मऊ. पण तेच वाटणात तासभर शिजवलं की कोरडं पडतं, आणि चवही तशी बेताचीच. ते कडक तापलेल्या बिडाच्या तव्यावर दोन्हीकडून भाजायचं, मीठ, मिरी, बास.

रश्शाला चक घ्या, म्हणजे खांदा-मानेकडचा भाग. तिथले स्नायू सतत राबतात, त्यामुळे कच्चं असताना ते चिवट लागतं, पण त्या चिवटपणातच सगळी मजा आहे कारण त्यात कोलॅजन (स्नायूंना बांधून ठेवणारं चिवट प्रथिन) भरपूर असतं आणि साधारण 70 अंश सेल्सिअसच्या पुढे ते हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन होतं, मग रस्सा आपोआप दाट होतो, ओठांना चिकटतो. मंद आचेवर अडीच-तीन तास द्या, इन्स्टंट पॉटमध्ये (म्हणजे विजेवरचा प्रेशर कुकर) 35-40 मिनिटं. मांस अजून चिवट वाटलं तर बहुतेक वेळा ते कमी शिजलेलं असतं, अजून थोडं शिजवा. यूएसडीए म्हणजे इथलं कृषी खातं, ते मांसाला दर्जा देतं; त्यातला चॉइस ग्रेड पुरतो, त्याच्या वरच्या प्राइमचे जास्त पैसे इथे अजिबात घालू नका. आणि स्ट्यू मीट म्हणून तयार तुकड्यांचं पाकीट मिळतं ना, त्यात बऱ्याचदा वेगवेगळ्या भागांचे तुकडे एकत्र असतात, एक शिजतो तर दुसरा नाही. अख्खा चक रोस्ट आणून घरी दीड-दोन इंचाचे तुकडे करा.

माझा सगळ्यात लाडका मात्र शँक, पायाचा भाग, मधोमध नळी. हलाल दुकानात सांगितलं तर आडवा कापून देतात. कांदा-खोबरं खरपूस भाजून केलेल्या वाटणात हा शिजला की नळीतला मगज रश्श्यात उतरतो, त्याची सर बिनहाडाच्या कुठल्याच कटला नाही हे माझं ठाम मत आहे. वेळ चकपेक्षा थोडा जास्त लागतो.

राउंड, म्हणजे मागच्या मांडीचं, स्वस्त मिळतं पण चरबी फार कमी, रश्श्यात चोथा होतो. फ्लँक पोटाकडचं, लांब लांब धाग्यांचं, ते झटपट परतायला छान, फक्त धाग्यांना आडवं आणि पातळ कापायचं, उभं कापलंत तर चावत बसाल.

खिम्याला 80-20 घ्या, म्हणजे 20 टक्के चरबीवाला. कबाब त्यानेच रसरशीत होतात, आणि मटार खिम्यात तेल जास्त वाटलं तर शेवटी वरचं काढून टाकता येतं.