भिंतीवरचा हीटर आणि साबणाचा फेस

भिंतीवर गॅस हीटर लावायचा म्हणजे चार भोकं पाडली की झालं, अशी माझी समजूत होती. ड्रिल हातात घेऊन उभाही राहिलो होतो. बायको म्हणाली, "आधी खोक्यावर काय लिहिलंय ते तरी वाच." लिहिलं होतं, एलपीजीसाठी. आमच्याकडे पाइपचा नैसर्गिक गॅस! दोन्हींचे जेट (गॅस बाहेर सोडणारी बारीक तोटी) वेगळे, दाब वेगळा. निमूटपणे हीटर बदलून आणला आणि जोडणीसाठी परवानाधारक फिटर बोलावला.

त्याने निम्मा वेळ धुराच्या नळीवरच घालवला. नळी भिंतीतून थेट बाहेर, खिडकीपासून लांब, आणि पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून बाहेरच्या बाजूला किंचित उतार. मग गॅस सोडून सांध्यांवर ब्रशने साबणाचा फेस लावला. तिसऱ्या सांध्यावर मोहरीएवढा बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. मला तर वासही आला नव्हता! गॅस बंद करून सांधा आवळला, परत फेस.

ज्योत निळी हवी. पिवळी दिसली की हीटर बंद आणि फिटरला फोन. गॅस अर्धवट जळला की तयार होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, म्हणून त्याचा अलार्म त्याच दिवशी बसवला. हीटरशेजारचा पडदा मात्र काढावा लागला. बायकोचा आवडता होता. अजून ऐकवते.