सोंडेवरचा पट्टा

ऑगस्टअखेर. रोवणी आटोपली होती, बांध्यांत घोटाभर पाणी. झाडीपट्टीतल्या त्या गावातल्या सहा वर्षांच्या मुलीच्या पाठीतल्या पाण्याचा अहवाल जपानी मेंदूज्वराचा आला आणि आमचं पथक निघालं.

पथकानं रांजण, टाक्या, टायर तपासले. फॉर्मात रकाने तेवढेच. डेंग्यूचा एडिस डास साठवलेल्या पाण्यात वाढतो, जपानी मेंदूज्वर पसरवणारा हा क्युलेक्स डास धानाच्या बांधीत. गावातले सगळे रांजण पालथे घातले तरी तो सापडणार नाही, हे मी दरवर्षी सांगतो.

मी कीटक समाहारक. दिवेलागणीला टॉर्च आणि सक्शन ट्यूब घेऊन गोठ्यात शिरलो. बैलाच्या पोटाखालचे, गव्हाणीच्या कडेचे डास एकेक करून ओढायचे. जोरात ओढलं की पाय तुटतात, मग ओळख पटत नाही. तासाभरात चाळीसेक मिळाले. भिंगाखाली बहुतेकांच्या सोंडेच्या मध्यावर फिकट पट्टा. ही क्युलेक्स विष्णुई गटाची खूण. गोठ्यामागेच डुकरांचं कुंपण होतं.

मुलीची आजी दारात एकटीच बसलेली. रोग लागेल म्हणून शेजारी फिरकत नव्हते. मी सगळ्यांना बोलावून सांगितलं, माणसाच्या रक्तात हा विषाणू इतका वाढतच नाही की डासानं तो पुढे न्यावा. गुरांतही वाढत नाही. तो फिरतो बगळे, डुकरं आणि डासांत. डुकराच्या रक्तात भरमसाट वाढतो, डुक्कर मात्र सहसा आजारी दिसत नाही. शेजारीण उठून आजीपाशी जाऊन बसली. मला फार बरं वाटलं.

आठवड्यानं गेलो तर कुंपण मोकळं. गावानं दम दिला, म्हणून डुकरांच्या मालकानं नऊ डुकरं मिळेल त्या भावात विकली. त्यांचं रक्त कुणी तपासलंच नव्हतं. पशुसंवर्धनवाल्यांना लिहिलेलं पत्र आमच्याच टेबलावर पडून होतं. मुलीच्या कार्डावर लसीच्या दुसऱ्या डोसचा रकाना कोरा होता, त्याबद्दल मात्र गावानं कुणालाच विचारलं नाही. डुकरं वस्तीपासून लांब ठेवा, मच्छरदाणीत झोपा, हे मी आधी बोलायला हवं होतं.

"भाऊ, तुमीच त बोलले होते," तो म्हणाला. थोड्या वेळानं त्यानंच विचारलं, "पोरगी कशी आहे?"

घरी आली, म्हटलं. उजवा हात अजून उचलत नाही.