आयकॉनवरून उघडतं, टर्मिनलवरून क्रॅश होतं

पुण्यात एका छोट्या ऑफिसातल्या लिनक्स मशिन्स मी सांभाळतो. तिथलं काम म्हणजे जुन्या वास्तूंची थ्रीडी मॉडेल्स. ड्रोनने आणि कॅमेऱ्याने ढीगभर फोटो काढायचे, त्यातून पॉइंट क्लाउड, म्हणजे वास्तूच्या पृष्ठभागावरच्या असंख्य बिंदूंचा थ्रीडी संच, बनवायचा आणि मग क्लाउडकम्पेअर नाहीतर मेशलॅब या सॉफ्टवेअरमध्ये तो साफ करत बसायचं. त्या मशिन्सवरच्या उबंटू या लिनक्सच्या 20.04 व्हर्जनचा नेहमीचा सपोर्ट मे 2025 मध्ये संपणार होता म्हणून त्याआधीच सगळ्या मशिन्स 22.04 वर नेल्या, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी तिथे काम करणाऱ्या ताईचा फोन, "दादा, माझं एकही थ्रीडी सॉफ्टवेअर उघडत नाहीये, लगेच बंद पडतंय." तिच्याकडे साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर होती, ती अष्टकोनी प्रचंड विहीर ज्यांनी पाहिलीय त्यांना कळेल की त्या कमानी आणि पायऱ्या साफ करायला किती जीव ओतावा लागतो, आणि संध्याकाळी ते मॉडेल दाखवायचं होतं.

मी पोचेपर्यंत हार्डवेअरवाल्याने फोनवरच निकाल देऊन टाकला होता, इंटेलचं आतलं ग्राफिक्स नवीन उबंटूला झेपत नाही, वेगळं कार्ड घ्या. कोटेशनही येऊन पडलं होतं आणि साहेब हो म्हणायच्या बेतात होते.

मी मशीनवर बसलो, मेन्यूतून आयकॉनवर क्लिक केलं आणि क्लाउडकम्पेअर मस्त उघडलं, विहीर गरगर फिरवली तरी काही नाही. ताई म्हणाली, "अहो असं नाही, मी टर्मिनलवरून स्क्रिप्टने उघडते, त्या दिवसाचं फोल्डर आपोआप लोड होतं." तिने तसं केलं, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतून तिची स्क्रिप्ट चालवली, आणि धाडकन, कुड नॉट इनिशियलाइझ जीएलएक्स, अबॉर्टेड, कोअर डम्प्ड, थोडक्यात थ्रीडी चित्र काढायची यंत्रणाच सुरू झाली नाही. मेशलॅबचीही तीच गत.

मला वाटतं पूर्ण केस इथेच फुटली. कार्ड तेच, ड्रायव्हर तोच, युजर तोच, आयकॉनवरून चालतं आणि टर्मिनलवरून मरतं, मग बिघाड कार्डात कसा असेल? फरक फक्त टर्मिनलच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे तिथून उघडलेल्या प्रोग्रामला मिळणाऱ्या सेटिंग्जमध्ये.

तरी खात्री करावी म्हणून लिबजीएल ऑलवेज सॉफ्टवेअर हे व्हेरिएबल, म्हणजे तशीच एक सेटिंग, 1 करून बघितलं. त्याने मेसा, म्हणजे लिनक्समधली थ्रीडी ग्राफिक्सची लायब्ररी, कार्डाला हातच लावत नाही, सगळं चित्र सीपीयूवर काढतं, म्हणजे कार्ड खराब असतं तर हळू का होईना पण चाललं असतं. तेही मेलं. मग एरर सविस्तर दिसावी म्हणून लिबजीएल डीबग व्हर्बोज करून जीएलएक्सइन्फो ही ग्राफिक्स तपासायची कमांड चालवली आणि खरी ओळ दिसली. इंटेलचा आयरिस ड्रायव्हर लोड होत नाही, कारण त्याला लागणाऱ्या लिबएलएलव्हीएम या लायब्ररीला जीएलआयबीसीएक्सएक्स 3.4.30 हे व्हर्जन पाहिजे आणि ते लिबएसटीडीसी प्लस प्लस या सी प्लस प्लसच्या मूळ लायब्ररीत सापडत नाही. खाली स्वआरास्ट या सीपीयूवर चित्र काढणाऱ्या ड्रायव्हरचीही तीच रड. ते साहजिकच आहे, कारण तिथे आयरिस, रेडिऑनएसआय, स्वआरास्ट ही ड्रायव्हरची नावं वेगळी दिसली तरी आत फाइल एकच असते आणि ती एलएलव्हीएमला जोडलेली असते, म्हणून एक अडलं की सगळे अडतात.

पण 3.4.30 तर जीसीसी या कंपायलरच्या 12 व्या व्हर्जनबरोबर आलं आणि 22.04 मध्ये लिबएसटीडीसी प्लस प्लस जीसीसी 12 चीच आहे, मग नाही कसं? एररमधला पाथ नीट वाचला तर तो सिस्टिमचा नव्हताच, ऑप्ट फोल्डरमधल्या एका सर्व्हे सॉफ्टवेअरचा होता. त्याच्या इन्स्टॉलरने न विचारता ताईच्या बॅशआरसीमध्ये, म्हणजे टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये, एलडी लायब्ररी पाथची, म्हणजे लायब्ररी आधी कुठे शोधायच्या ते सांगणारी, ओळ घुसवून ठेवली होती. त्या पाथमधलं फोल्डर सिस्टिमच्या फोल्डरच्या आधी शोधलं जातं, त्यामुळे टर्मिनलवरून जे काही उघडेल त्याला त्यांची 3.4.29 पर्यंतचीच लायब्ररी मिळायची. 20.04 वर ती पुरून उरायची म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. आणि आयकॉनवरून उघडलं की बॅशआरसी वाचलीच जात नाही, म्हणून तिथे सगळं ठीक.

ताईच्या समोरच त्या टर्मिनलमध्ये व्हेरिएबल अनसेट केलं, तिची स्क्रिप्ट परत चालवली आणि विहीर उघडली. मग बॅशआरसीतली ओळ काढली आणि सर्व्हे सॉफ्टवेअरसाठी छोटी वेगळी स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे तो पाथ फक्त त्याच्यापुरता लागेल. ताई लगेच कामाला बसली, संध्याकाळी मॉडेल दाखवलं गेलं, कोटेशन रद्द.

मला राग येतो तो त्या इन्स्टॉलरचा. आपल्या सॉफ्टवेअरच्या सोयीसाठी दुसऱ्याच्या बॅशआरसीत सगळ्यांना लागू होणारी ओळ टाकणं हे चूकच आहे. प्रोग्रामच्या फाइलमध्येच लायब्ररीचा पाथ लिहून ठेवणारा रनपाथ आहे, लाँचर स्क्रिप्ट आहे, सोपे रस्ते आहेत. त्या कंपनीला मी त्याच रात्री सविस्तर मेल केली, एररची पूर्ण ओळ, पाथ, दोन्ही व्हर्जन आणि माझी स्क्रिप्टसुद्धा जोडली, आणि ऑफिसच्या बाकी मशिन्सवर ती ओळ शोधून जिथे सापडली तिथून काढून टाकली.