धरता का जरा?

शनिवार, रात्री उशिरा

आज व्याख्यानाआधी ओळख करून देताना सर म्हणाले, "मॅडमना बालपणापासून पुरातत्त्वाचा ध्यास होता. ध्येय ठरवूनच त्या या क्षेत्रात आल्या." टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेतल्या दोन मुलींनी ते वहीत उतरवूनही घेतलं. त्या वह्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

कसला ध्यास? मी गणेशखिंडीत, पुणे विद्यापीठात संस्कृतचं एम.ए. करत होते. नेट व्हावी, कुठंतरी लेक्चररशिप मिळावी, एवढीच धाव. मीनलला डेक्कन कॉलेजमधल्या संस्कृत कोशाच्या चिठ्ठ्या बघायच्या होत्या, तिला सोबत म्हणून येरवड्याला गेले. 1948 पासून चाललेलं काम, जवळजवळ दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचून लिहिलेल्या चिठ्ठ्या. पण ज्यांच्याकडे किल्ली ते जेवायला गेलेले. थांबा म्हणाले, थांबलो. पलीकडच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आत ड्रॉइंगचे काका खापरांच्या ढिगापुढे एकटेच बसले होते. मान वर न करता म्हणाले, "धरता का जरा?"

मी धरलं. बस, एवढंच घडलं.

तळहातात मावेल एवढा काठाचा तुकडा. लालसर, वर काळ्या रंगाच्या तिरप्या रेघा. त्यांनी नखानं टिचकी मारली तर धातूसारखा खणखणीत वाजला. "तीन हजार वर्षं झाली, भाजणी बघा." संगमनेरजवळच्या जोर्व्याला 1950-51 मध्ये पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळियांनी उत्खनन केलं, तिथं अशीच खापरं निघाली आणि त्या गावाचं नाव एका अख्ख्या संस्कृतीला मिळालं, हे मला त्या दिवशी कुठं माहीत होतं! काकांनी काठ टेबलावर पालथा ठेवायला सांगितला. खालून उजेड दिसेनासा होईपर्यंत हळूहळू कलवायचा. जिथं फट मिटते तो भांड्याचा खरा कल. मग एकात एक वर्तुळं काढलेल्या कागदावर तो सरकवत न्यायचा. मी सरकवत गेले. एका रेघेवर तो असा बसला की वर-खाली केसाएवढीही जागा उरली नाही. "व्यास 16 सेंटीमीटर," काका म्हणाले आणि ग्राफपेपरवर बघता बघता अख्खा वाडगा उभा राहिला. डावीकडे कापलेली जाडी, उजवीकडे बाहेरचं अंग. तुकडा माझ्या हातात होता तेवढाच.

किल्लीवाले परत आले. मीनल गेली. मी गेले नाही.

म्हणजे ते जेवायला पंधरा मिनिटं उशिरा गेले असते तर? मला खरंच भीती वाटते या प्रश्नाची, आणि आज दिवसभर तो सुटलेला नाही. गाडीत, जेवताना, आत्ता लिहितानाही. कारण मग जे काही केलं त्यात माझं काय? आणि जे झालं नाही त्याचा हिशेब कुणाकडे मागायचा? बरोबरीच्या मुली कायम झाल्या, घरं झाली. मी अजून अकरा महिन्यांच्या करारावर, दर जूनमध्ये जीव टांगणीला. अण्णा शेवटपर्यंत म्हणत राहिले... जाऊ दे, अण्णांचा विषय आज नको.

आमच्या विषयात योगायोग कमी नाहीत. नगर जिल्ह्यातल्या दायमाबादचा प्राचीन काशाचा रथ, हत्ती, गेंडा, रेडा 1974 मध्ये सापडले ते झाडाचं मूळ खणणाऱ्या एका माणसाला. सगळं मिळून वजन साठ किलोच्या वर. पुरातत्त्वज्ञ वाकणकरांना मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाचे खडक 1957 मध्ये दिसले ते रेल्वेतून जाताना. ते उतरून गेले म्हणून आज आपल्याला तिथल्या खडकांवरची प्राचीन चित्रं माहीत आहेत. पण वाकणकर त्याआधीच शैलचित्रांच्या मागे रानोमाळ हिंडत होते. त्यांची नजर तयार होती. त्याच खिडकीतून इतरांनीही ते डोंगर पाहिले असतीलच की. माझ्या नजरेत त्या दुपारी काय होतं? काही नव्हतं. मला भूक लागली होती, एवढं आठवतं.

की होतं काही? काठ फारच लहान असला तर तो चार-पाच वर्तुळांवर सारखाच बसतो. अशा खापराचा व्यास आम्ही लिहीतच नाही. आजच्या सरांनी माझा एक एवढासा तुकडा उचलला आणि 'ध्येय' नावाच्या वर्तुळावर ठेवला. मी संध्याकाळपासून तोच तुकडा 'योगायोग' या वर्तुळावर दाबून बसवतेय. त्यानंतरचे महिने मी दर शनिवारी त्या खोलीत जात होते, खापरं धूत होते, रॉटरिंगच्या ड्रॉइंग पेनानं रेघ थरथरू नये म्हणून श्वास रोखत होते. तिथं तर मला कुणी बोलावलं नव्हतं.

हे काकांना सांगायचं राहिलं. ते निवृत्त झाले तेव्हा मी साइटवर होते, आणि नंतर तर...

रात्री न राहवून मीनलला फोन केला. तिला ती दुपार लख्ख आठवते. म्हणाली, "अगं, ते तुला नव्हते म्हणाले. मला म्हणाले होते. मीच दारात पुढे होते ना. माझी ओढणी नवी होती, मातीत हात घालायचा नव्हता, म्हणून मी तुला पुढे ढकललं."

मी गप्पच झाले. मग दोघींनाही हसू आवरेना. इतकी वर्षं जी हाक मी माझी म्हणून जपली, ती माझी नव्हतीच, आणि गंमत म्हणजे हे कळल्यावर हलकंच वाटतंय. ती बँकेत सुखी आहे, मी खापरांत. दोघींपैकी कुणीही जागा बदलून मागणार नाही. मी तिला तसं विचारलंसुद्धा. "छे गं," म्हणाली. मला माझं उत्तर शोधावं लागलं नाही.

त्या दोन मुलींचा मात्र काही तरी विचार करायला हवा. सोमवारी सरांना फोन करून मुलींना एक दिवस आमच्या खोलीवर पाठवा म्हणून सांगणार आहे. धुवायची खापरं भरपूर पडलीत. मीनलही येते म्हणाली. ये म्हटलं, पण ओढणी जुनी घालून ये.